पणजीचे नाव कोणत्या वहीत?

हरिद्वारच्या पंड्यांनी वह्या उघडल्या की सात-आठ पिढ्यांची नावे एका दमात वाचून दाखवता येतात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडेही तशाच वह्या आहेत, आणि महाराष्ट्रात छापील कुलवृत्तांतांची तर स्वतंत्र परंपराच आहे. या साऱ्या दप्तरांचा एक समान गुण असा की त्यांत पुरुष हमखास सापडतो. स्त्री सापडते ती कुणाची तरी कन्या किंवा कुणाची तरी पत्नी म्हणून, आणि पुष्कळदा सासरी बदललेल्या नावाने. ती काय शिकली, तिने कुठे नोकरी केली, तिचा स्वतःचा पत्ता कोणता होता, हे विचारण्याची या वह्यांची रीतच नव्हती.

सरकारी दप्तरांतून ही उणीव भरून निघावी, तर तेथेही अडचण आहे. ब्रिटनमध्ये घराण्याचा शोध घेणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे जनगणनेचे घरोघरचे तक्ते. शंभर वर्षे उलटली की ते खुले होतात. १९२१ चे तक्ते जानेवारी २०२२ मध्ये लोकांपुढे आले. भारतात जनगणनेची परंपरा १८७२ पासूनची आहे, परंतु व्यक्तिवार माहितीचे कागद आकडेवारी तयार झाल्यावर नष्ट करण्याची पद्धत पडली. १९४८ च्या जनगणना कायद्याने तर असे कागद पाहण्याचा कुणालाही हक्क नाही आणि ते न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाहीत, असे स्पष्टच म्हटले. आपल्या हाती त्यामुळे आकडे उरले, माणसे उरली नाहीत.

या पार्श्वभूमीवर परिचारिकांच्या नोंदवह्यांकडे पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय स्त्रीचे नाव तिच्या स्वतःच्या शिक्षणाच्या आधारे, कायद्याने ठरवून दिलेल्या दप्तरात, क्रमांकासह नोंदले गेले, अशी ठिकाणे मोजकीच होती. त्यांत या नोंदवह्यांचे स्थान फार वरचे आहे. त्या कुठे आहेत, कोणाच्या ताब्यात आहेत आणि त्यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न वरकरणी हौशी संशोधकांचा वाटतो. प्रत्यक्षात तो आरोग्य प्रशासनाचाही आहे.

परिचारिकांची नोंदणी कायद्याने करणारा जगातील पहिला देश न्यूझीलंड. तेथे १९०१ मध्ये कायदा झाला आणि १० जानेवारी १९०२ रोजी एलेन डॉहर्टी यांचे पहिले नाव नोंदले गेले. ब्रिटनला त्यासाठी १९१९ पर्यंत थांबावे लागले. एथेल फेनविक यांनी सुमारे तीस वर्षे ही मागणी लावून धरली होती, आणि त्यांना विरोध करणाऱ्यांत साक्षात फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. चांगली परिचारिका परीक्षा घेऊन ओळखता येत नाही, असे नाइटिंगेल यांचे म्हणणे. अखेर नोंदवही सुरू झाली तेव्हा तिच्यात पहिले नाव फेनविक यांचे होते. या ब्रिटिश नोंदवहीत परिचारिकेचे नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि प्रशिक्षणाचे ठिकाण व काळ इतका मजकूर असतो, आणि आज तो वंशावळीच्या सशुल्क संकेतस्थळांवर घरबसल्या पाहता येतो. लंडनमध्ये नोंदणी झालेल्या पणजीचा पत्ता त्यामुळे काही मिनिटांत लागू शकतो.

मद्रासमध्ये नोंदणी झालेल्या पणजीच्या बाबतीत असे म्हणता येत नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानात हे काम केंद्राने नव्हे, प्रांतांनी केले. मद्रास इलाख्याने १९२६ मध्ये परिचारिका व सुईणी यांचा कायदा केला. तमिळनाडूची परिषद अजूनही त्याच कायद्याचे नाव सांगते. पाठोपाठ पंजाब १९३२ मध्ये, बंगाल १९३४ मध्ये आणि मुंबई १९३५ मध्ये आले. देशव्यापी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा डिसेंबर १९४७ मधला, म्हणजे मद्रासनंतर २१ वर्षांनी. संस्थानांचा हिशेब निराळाच होता. ज्या भूभागातून पुढे जगभर परिचारिका गेल्या, त्या त्रावणकोर-कोचीनचा कायदा १९५३ चा आहे.

संख्या किती होती? भोर समितीने १९४६ च्या अहवालात परिचारिकांची संख्या सुमारे ७,००० धरली आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण मांडले. आरोग्य धोरणाच्या चर्चेत हा आकडा दारिद्र्याचा पुरावा म्हणून नेहमी दिला जातो, आणि तो तसा आहेच. पण ती ७,००० माणसे होती आणि त्यांना नावे होती, हे त्या चर्चेत राहून जाते.

कोण होत्या त्या? रात्रपाळी, परपुरुषाच्या देहाला स्पर्श, मलमूत्र आणि रक्त यांमुळे वरच्या जातींच्या घरांनी या व्यवसायाला दार बंद ठेवले होते. साहजिकच त्यात अँग्लो-इंडियन आणि भारतीय ख्रिस्ती मुली मोठ्या प्रमाणावर आल्या. मुंबईत मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातील स्त्रियांनीही हा व्यवसाय पत्करला. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने हिंदू विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण देण्याचा मार्ग काढला, त्यासाठी समाजाचे टोमणेही सोसले. यांपैकी बहुतेक गट पुढे विखुरले. अँग्लो-इंडियन कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात गेली. बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. मल्याळी परिचारिका प्रथम उत्तर भारतात, साठच्या दशकात चर्चच्या मध्यस्थीने जर्मनीत, नंतर आखातात आणि अमेरिकेत पोहोचल्या. त्यांची नातवंडे-पतवंडे आज विचारतात की आमची आजी कुठे शिकली, तिचा नोंदणी क्रमांक काय होता. त्या प्रश्नाचे उत्तर चेन्नई, मुंबई, कोलकाता किंवा लाहोरच्या एखाद्या कपाटात असू शकते.

असा शोध कसा चालतो, हे पाहिले की अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. सुरुवात घरातल्या पत्र्याच्या पेटीपासून होते: चौकटीतले प्रमाणपत्र, परिषदेचा बिल्ला, मेट्रनच्या सहीचे शिफारसपत्र, तुकडीच्या छायाचित्रामागे शाईने लिहिलेले साल. येथे जन्मगावापेक्षा प्रशिक्षणाचे रुग्णालय महत्त्वाचे ठरते, कारण नोंदणी बहुधा त्या रुग्णालयाच्या प्रांतात होत असे. समजा, कोट्टायमजवळच्या खेड्यातील एखादी मुलगी १९३८ मध्ये मद्रासला शिकली, पुढे दिल्लीत नोकरीला लागली आणि लग्नानंतर मुंबईत स्थायिक झाली. तिचे वंशज मुंबईत चौकशी करतील, फार तर केरळमध्ये करतील. पण त्रावणकोरमध्ये त्या वेळी नोंदणीचा कायदाच नव्हता, आणि दिल्लीची स्वतंत्र परिषद स्थापन करणारा कायदा १९९७ चा आहे. शोध मद्रासपासून सुरू करायला हवा, हे त्यांना सांगणारी एकही सरकारी मार्गदर्शिका माझ्या पाहण्यात नाही.

त्यात नकाशा बदलत राहिला. मद्रासच्या वहीत तेल्लिचेरी आहे, मंगळूर आहे, विशाखापट्टणम आहे. १९३६ मध्ये ओडिशात गेलेला गंजामही आरंभीची दहा वर्षे त्याच वहीतला. पंजाबचा कायदा झाला तेव्हा त्या प्रांताची राजधानी लाहोर होती. बंगालच्या वहीतील ढाक्याच्या मुली आता दुसऱ्या देशाच्या नागरिकांच्या पूर्वज आहेत. मुंबईच्या वहीत अहमदाबाद आणि धारवाड दोन्ही येतात. विदर्भ मात्र तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, तर मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. म्हणून नागपूरच्या परिचारिकेची १९४० ची नोंद मुंबईत शोधण्यात अर्थ नाही. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६० चे मुंबई राज्याचे विभाजन, २००० मधील तीन नवी राज्ये आणि २०१४ चे तेलंगण, या प्रत्येक वेळी मालमत्ता, कर्मचारी आणि कर्जे यांच्या वाटणीवर तपशीलवार तरतुदी झाल्या. परिषदांच्या जुन्या वह्या कोणी ठेवायच्या आणि प्रती कोणाला द्यायच्या, हा विषय त्या तरतुदींपुढे फारच किरकोळ समजला गेला असणार.

नावांचा गुंता याहून अवघड. मल्याळी ख्रिस्ती स्त्रीच्या नावापुढे घराण्याची आणि वडिलांच्या नावाची आद्याक्षरे येत. लग्नानंतर पतीचे नाव जोडले जाई. एका तुकडीत तीन अन्नम्मा आणि चार मरियम्मा असल्या तर आद्याक्षरांवाचून ओळख पटणे कठीण. मराठी घरात आडनाव तर बदलेच, पण सासरी मूळ नावही बदलले जाई, त्यामुळे नोंदवहीतली मुलगी आणि घरच्यांना ठाऊक असलेली आजी यांची नावे पूर्णपणे वेगळी असू शकतात. मिशनच्या रुग्णालयांत बाप्तिस्म्याचे नाव लागे. या तिढ्यातून सोडवणारी एकच गोष्ट म्हणजे नोंदणी क्रमांक. नाव बदलते, गाव बदलते, क्रमांक बदलत नाही. जुन्या बिल्ल्यावर तो कोरलेला आढळला तर तो आधी उतरवून घ्यावा; बाकीचे सोपस्कार नंतर.

विवाहाचा प्रश्न केवळ नावापुरता नव्हता. अनेक ठिकाणी लग्न म्हणजे नोकरीचा शेवट असे. लष्करी परिचर्या सेवेत हा नियम इतका चिवट होता की विवाहाच्या कारणावरून १९८८ मध्ये सेवेतून काढलेल्या एका अधिकारी स्त्रीला न्याय मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवून तिला ६० लाख रुपये देण्याचा आदेश केंद्राला दिला. ज्या सूचनेच्या आधारे कारवाई झाली होती ती १९७७ ची होती आणि १९९५ मध्ये मागे घेण्यात आली होती. वंशावळ शोधणाऱ्याला एखाद्या परिचारिकेचा माग अचानक तुटलेला दिसतो, तेव्हा त्यामागे मृत्यूच असेल असे नाही. तिने लग्न केले असेल.

सरकारी वही हाती लागली नाही तर काय करावे? मिशन रुग्णालयांच्या परीक्षा मंडळांची कागदपत्रे, वेल्लोर किंवा मिरजसारख्या संस्थांची वार्षिक वृत्ते, ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाचे १९१० पासून निघणारे नियतकालिक, ब्रिटिश ग्रंथालयातील इंडिया ऑफिसची दप्तरे असे मार्ग आहेत. त्यांतले शेवटचे विशेषतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांना उपयोगी पडते, कारण त्यात तिन्ही इलाख्यांतील चर्चचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफन यांच्या नोंदी आहेत. एक विसंगती येथे नोंदवण्याजोगी आहे. कलकत्त्यात जन्मलेल्या अँग्लो-इंडियन परिचारिकेच्या आयुष्याचा बराचसा भाग लंडनमध्ये बसून उलगडता येतो. तिच्याच पाळीत काम केलेल्या भारतीय ख्रिस्ती किंवा हिंदू सहकारिणीचा नाही. आणि या दोघींच्या आधी बाळंतिणीजवळ पोहोचलेल्या दाईचे नाव तर कोणत्याच दप्तरात नाही. लेडी कर्झन यांनी १९०३ मध्ये दाईंच्या प्रशिक्षणासाठी निधी उभारला, दाई शिकल्याही. परंतु नोंदवहीची रेषा ओढली गेली तेव्हा बहुसंख्य दाई त्या रेषेच्या बाहेरच राहिल्या.

आता धोरणाकडे वळू. देशात ३३ लाखांहून अधिक परिचर्या कर्मचारी नोंदणीकृत आहेत, असे केंद्र सरकारने २०२२ च्या सुमारास सांगितले, आणि दर हजारी परिचारिकांचे प्रमाण याच आकड्यावरून काढले जाते. हा आकडा राज्य परिषदांच्या नोंदींची बेरीज आहे. नोंदवहीत नाव घालण्याची पद्धत पक्की होती. नाव काढण्याची कधीच पक्की झाली नाही. मृत्यू पावलेल्या, परदेशी गेलेल्या, व्यवसाय सोडलेल्या आणि दोन राज्यांत नोंदणी केलेल्या परिचारिका या बेरजेत किती, हे सांगता येत नसल्यामुळेच आधारशी जोडलेला राष्ट्रीय क्रमांक देणारी नोंदणी व मागोवा प्रणाली उभारावी लागली. ही परिचारिका नोंदणीनंतर कुठे गेली आणि तिने काम केव्हा थांबवले, हा पणतीचा प्रश्न आणि नियोजनकाराचा प्रश्न एकच आहे. त्याचे उत्तर न मिळण्याचे कारणही एकच.

२०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्याने १९४७ च्या कायद्याची जागा घेण्याची व्यवस्था केली आणि राष्ट्रीय व राज्य पातळीवर ऑनलाइन, अद्ययावत नोंदवहीची कल्पना मांडली. कल्पना योग्यच आहे. अद्ययावत नोंदवहीचा रोख मात्र आज काम करणाऱ्यांवर असतो. ज्यांनी नूतनीकरण केले नाही, त्या तिच्या दृष्टीने उरत नाहीत. जुन्या परिषदांकडून नव्या आयोगांकडे कारभार जाताना संगणकीय माहिती जाईल, खुर्च्या-टेबले जातील. १९२६ पासूनच्या हस्तलिखित वह्या कोणत्या यादीत बसणार?

कायद्याचे संरक्षण येथे तोकडे पडते. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश आणि त्यांच्या अखत्यारीतील वैधानिक संस्थांना लागू होतो. राज्यांच्या परिषदा त्याबाहेर राहतात. महाराष्ट्राचा २००५ चा स्वतःचा कायदा आहे, परंतु प्रत्येक राज्याने असा कायदा केलेला नाही. केंद्रीय कायद्यातही ठाम अभय आहे ते १८९२ पूर्वीच्या कागदांना. परिचारिकांच्या नोंदणीचा जन्मच त्यानंतर ३४ वर्षांनी झाला. गंमत अशी की १९४७ च्या कायद्यात १९५७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भारतीय परिचारिका नोंदवहीला पुराव्याच्या कायद्यानुसार सार्वजनिक दस्तऐवजाचा दर्जा दिला आणि ती राजपत्रात प्रसिद्ध करावी असेही म्हटले. म्हणजे ही नावे लोकांनी पाहावीत, हा हेतू कायद्यातच होता.

माहिती अधिकाराचा रस्ता खुला आहे, आणि तो लोकांना वाटतो त्यापेक्षा रुंद आहे. खासगी माहितीचे कारण देऊन अर्ज फेटाळण्याची सवय कार्यालयांना आहेच. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने त्या अपवादाची धार वाढवली. परंतु माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनांना देशाची सुरक्षितता, संसदेचा हक्कभंग आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे एवढेच तीन अपवाद लागू राहतात. खासगी माहितीचा अपवाद त्यांत नाही. १९४० च्या नोंदणीची प्रत मागणाऱ्याने अर्जात हे कलम लिहावे. हा अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे, ही मात्र मोठी मर्यादा. पर्थमधील नातवाला बंगळूरमधल्या मावसबहिणीकडून अर्ज करवून घ्यावा लागतो.

जिवंत व्यक्तींच्या माहितीचे संरक्षण झालेच पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. आधारशी जोडलेली आजची नोंदवही खुली करा, असे कोणी म्हणत नाही. १९५० पूर्वीच्या नोंदींपुरती एक रेषा आखली तर ज्यांच्या खासगीपणाला धक्का लागेल अशी माणसे जवळपास उरत नाहीत; त्या वर्षी नोंदणी झालेली विशीतली तरुणी आज नव्वदी ओलांडून गेलेली असेल.

खर्चाचे कारण पुढे येईल, म्हणून भोर समितीच्या आकड्याकडे पुन्हा पाहू. एका पानावर वीस नोंदी धरल्या तर ७,००० नावांची साडेतीनशे पाने होतात. सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या वह्या धरूनही हे काम एखाद्या तालुक्याच्या फेरफार नोंदींपेक्षा लहान राहील. चेन्नई, मुंबई आणि कोलकात्याच्या राज्य पुराभिलेखागारांकडे जुने कागद हाताळण्याचा दीर्घ अनुभव आहे. नव्या राज्य आयोगांकडे कारभार सोपवण्यापूर्वी प्रत्येक परिषदेने आपल्याकडील हस्तलिखित आणि छापील नोंदवह्यांची वर्षवार यादी राज्य पुराभिलेखागाराला द्यावी, मूळ वह्या तेथे जमा कराव्यात आणि छायाप्रती स्वतःकडे ठेवाव्यात, असा एक आदेश काढण्यास आरोग्य विभागांना नव्या कायद्याची गरज नाही. यादीत ज्या वर्षांच्या वह्या नसतील ती वर्षेही त्यात लिहिली जावीत.